औषध घालीन म्हणाली होती

१

हवालदार मेलेला सापडला तो आशाबाईंच्या परसात, मागच्या भिंतीच्या अगदी कडेला. भिंतीपलीकडे मैनाचं घर. तो पुढच्या अंगणात पेरूखाली मेला असता तर पुढचं पुष्कळसं घडलंच नसतं, असं प्रियदर्शनीला नंतर कितीदा तरी वाटलं. पण बिचाऱ्यानं मरायला ती जागा धरली, आणि कॉलनीला आरोपी शोधायला लांब जावं लागलं नाही.

प्रियदर्शनी तायडे काही पोलीस नव्हे. अमरावतीतल्या त्या कॉलनीच्या तोंडाशी तिचं ‘सोबती’ नावाचं पेट शॉप आहे. नावाला दुकान, एरवी गप्पांचा अड्डा. सकाळी फिरायला निघालेली माणसं आपापल्या कुत्र्यांसकट तिथे थांबतात, चहा मागवतात. कोणाची कुत्री व्याली, कोणाचं पिल्लू हरवलं, कोणाच्या लॅब्रेडोरनं पाहुण्यांची चप्पल खाल्ली, या बातम्या तिथे फुटतात आणि दुपारच्या आत ‘सोबती श्वान परिवार’ या ग्रुपवर पोचतात. माणसांची नावं विसरायची प्रियदर्शनीला खोड. तिच्या फोनमध्ये निम्म्या कॉलनीचं बारसं ‘रॉकीची मम्मी’ आणि ‘ब्राउनीचे पप्पा’ असंच झालेलं आहे.

हवालदार मात्र साऱ्या गल्लीचा होता. तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला गावठी कुत्रा. आशाबाईंच्या नवऱ्यानं, महादेवरावांनी, नांदगाव खंडेश्वरची शेती बटईनं म्हणजे वाट्यानं कसायला दिली आणि बायकोला घेऊन अमरावतीला राहायला आले, तेव्हा शेतातलं हे पिल्लू पिशवीत घालून आणलं होतं. मोठा झाल्यावर तो गल्लीत असा काही गस्त घालू लागला की नाव आपोआप पडलं. मग महादेवरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हळूहळू शब्द परत येतील असं डॉक्टर म्हणाले होते. एकच आला, हवालदार. पाणी हवं असलं तरी ते ‘हवालदार’ म्हणत, डोळ्यांवर ऊन आलं तरी ‘हवालदार’. कोणत्या सुरात काय मागतात ते आशाबाईंना बहुतेक वेळा कळायचं.

प्रियदर्शनी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. परसात दहा-बारा माणसं. आशाबाईंनी हवालदारला चंदनाच्या साबणानं स्वच्छ धुऊन गोणपाटावर ठेवलं होतं. तोंडाला फेस होता, मागून घाण झाली होती, असा कसा चार लोकांना दाखवायचा, म्हणत होत्या. त्या स्वतः पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचे हात थरथरत होते. दुपारपासून दोनदा उलटी झाली, डोळ्यांपुढे धुकं आलं होतं, असं शेजारणीनं सांगितलं. दुःखानं माणसाचं असं होतंच, असं सगळ्यांनी धरलं. आत खाटेवर महादेवराव आढ्याकडे बघत पडले होते. कोणी काही विचारलं तरी आवाज काढत नव्हते.

प्रियदर्शनीनं हवालदारच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. कानात राहिलेल्या गोचिड्या गळून तिच्या तळहातावर आल्या, वाळलेल्या, मेलेल्या. दुपारीच आशाकाकूंचा फोन आला होता, हवालदारले गोचिड्या लय झाल्या म्हणून. दुकानात गिऱ्हाईक होतं, तिनं दोन वाक्यांत उपाय सांगून फोन ठेवला होता. आपलं सांगणं लागू पडलं, एवढंच आता तिच्या मनात आलं, आणि त्या लागू पडण्याला काही अर्थ उरला नाही म्हणून तिला रडू फुटलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "औषध घालीन म्हणाली होती ना ती मैना."

२

म्हणाली होती, यात खोटं काही नव्हतं.

आठवडाभरापूर्वी हवालदारनं भिंत ओलांडून मैनाच्या दोन कोंबड्या मारल्या. मैना मेलेली कोंबडी हातात धरून भर गल्लीत उभी राहिली आणि ओरडली, "एक दिवस औषध घालीन मी याले, मंग बसा रडत." सगळ्या गल्लीनं ऐकलं. वऱ्हाडात औषध घालणं म्हणजे विष घालणं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मैना कॉलनीत चार-पाच घरी धुणंभांडी करायची. आशाबाईंकडे तर महादेवरावांना कुशीवर वळवायला, उठवून बसवायला तीच लागे. दुसऱ्या दिवशी उजाडताच एकेका घरानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत ग्रुपवर पोलीस केसची भाषा सुरू झाली. संध्याकाळी आशाबाईंच्या शेजारच्या ओमप्रकाशनं लिहिलं की मैनाचं घर मोकळ्या प्लॉटवर आहे, अतिक्रमणाचा अर्ज दिला की प्रश्नच मिटेल. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. कुत्र्यासाठी रडणारी हीच माणसं एका बाईचं छप्पर काढायला निघाली, आणि यात काही विपरीत आहे असं एकालाही वाटेना, याचा प्रियदर्शनीला संताप आला.

ग्रुपची अॅडमिन ती. तिनं लिहिलं की कुत्र्यांच्या डॉक्टर गीतांजलीनं नमुने अकोल्याला तपासायला नेलेत, अहवाल येईपर्यंत कोणी अर्ज करू नये. लगेच एकानं उत्तर दिलं, ‘मॅडमना आपल्या माणसांची काळजी असणारच.’ प्रियदर्शनी आणि मैना एकाच बुद्धविहारात जातात, हे त्याला सुचवायचं होतं. तिनं फोन पालथा ठेवला आणि सरळ मैनाकडे गेली.

मैना चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. जय भीम झालं, मैनानं पाट पुढे केला. प्रियदर्शनीनं आडवळण न घेता विचारलं, तू काही घातलंस का त्याला?

"म्हतलं तं होतं मी," मैना म्हणाली.

"म्हणणं वेगळं मैना, करणं वेगळं."

"कायचं वेगळं ताई. माह्या तोंडातून निघालं अन् थो मेला. माही जीभच काळी म्हना. पोलीस आले तं हेच सांगन मी."

मग ती रडायला लागली. सकाळी कामाला निघाली की हवालदार तिच्यासोबत प्रत्येक दारापर्यंत यायचा. कोंबड्या मारल्या त्या दिवशी तिनं शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी शिळी भाकरही तिनंच दिली. हे कोणी पाहिलं का, असं प्रियदर्शनीनं विचारलं. भाकर देताना कोन पाह्यते, ती म्हणाली.

ही बाई निर्दोष आहे, हे प्रियदर्शनीला आतून पटलं. पण पोलिसांपुढे ती उभ्या उभ्या स्वतःला अडकवून घेणार, हेही तितकंच दिसत होतं. बाहेर पडताना तिची नजर ओमप्रकाशच्या भिंतीकडे गेली. भिंतीच्या माथ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी पावडर टाकलेली होती.

३

ओमप्रकाशचं चौकात फरसाणचं दुकान. हवालदार भुंकतो म्हणून गेलं वर्षभर तो ग्रुपवर तक्रारी लिहीत होता. कुत्रा पाळत नसताना श्वान परिवारात तो कशाला आहे, असं कोणी विचारलं की म्हणायचा, तक्रार करायला दुसरी जागा कोणती आहे?

पावडरचं विचारल्यावर तो आधी चिडला, मग हसला. "मुंग्यांसाठी आहे मॅडम. फरसाणवाल्याच्या घरी मुंग्या नाहीत तर काय वाघ येणार?" प्रियदर्शनीनं शिडी मागवून भिंत नीट पाहिली. पावडरची ओळ अखंड होती, तिच्यावर पंजाचा एक ठसा नव्हता. हवालदारनं तिला नाक लावलेलंही दिसत नव्हतं. मुंग्या मात्र भिंतीच्या बुडातून खुशाल ये-जा करत होत्या.

खाली उतरल्यावर ती म्हणाली की काही असो, तुम्हाला त्याचं भुंकणं आता ऐकावं लागणार नाही. ओमप्रकाशचा चेहरा जरा पडला.

"भुंकण्याचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "त्या दिवशी तो भुंकलाच नाही. उलट काकाच ओरडत होते. दुपारी जेवून जरा पाठ टेकली, तर एकसारखं हवालदार, हवालदार. असे तर ते कधीच ओरडत नव्हते. शेवटी खिडकी लावून घेतली मी. कुत्रा मेला म्हणून बिचारे ओरडत असतील, मला काय माहीत."

प्रियदर्शनी हो म्हणाली आणि निघाली. महादेवरावांचा आक्रोश तिला ऐकल्यासारखा वाटला आणि त्या आवाजापुढे बाकीचं काही सुचलं नाही. काका ओरडले दुपारी आणि हवालदार सापडला संध्याकाळी, हे अंतर तिच्या लक्षात आलं नाही ते त्यामुळेच.

दोन दिवसांनी सकाळी दुकान उघडते तोच फोन वाजला. गीतांजली होती. अहवालातलं तोंडी कळलंय, म्हणाली, पण हे फोनवर नको, अकोल्याला ये.

४

गीतांजली अकोल्यातच शिकलेली, तिथल्या प्रयोगशाळेत तिची ओळख. ती बाहेरच्या कडुनिंबाखाली उभी होती. प्रियदर्शनी येताच तिनं तिला ओट्यावर बसवलं आणि आधी पाणी दिलं. बातमी चांगली नसली की ती असंच करते, हे दुकानात येणाऱ्या सगळ्या कुत्रेवाल्यांना माहीत आहे.

"पोट कोरं आहे," ती म्हणाली. "भाकरीत, मटणात, कशातच कोणी काही घातलेलं नाही."

प्रियदर्शनीनं सुस्कारा सोडला. म्हणजे मैना सुटली.

"थांब. विषच आहे, पण ते कातडीतून गेलंय. अंगभर लागलंय, कानाच्या आत सगळ्यात जास्त. तूच म्हणालीस ना, हात फिरवल्यावर गोचिड्या मेलेल्या निघाल्या? कुत्रा मेला की गोचिड्या जिवंतपणी अंग सोडून चालू लागतात. या त्याच्याआधी मेल्या. जे काही होतं ते आधी त्यांना लागलं, मग त्याला."

कोणतं विष, असं प्रियदर्शनीनं विचारलं. कीटकनाशक आहे एवढं नक्की, गीतांजली म्हणाली, नेमकं नाव कळायला वेळ लागेल. आणि मग, बोलू की नको अशा आवाजात तिनं पुढचं सांगितलं. गोचिडांसाठी दुकानात मिळणारी जी औषधं असतात, त्यांतही कीटकनाशकच असतं. बाटली खराब निघाली, प्रमाण चुकलं, तर असं होऊ शकतं.

त्या दुपारी हवालदारच्या अंगाला औषध लावा असं सांगणारी तीच होती. गोचिडांची औषधं त्या कॉलनीत विकणारीही तीच होती, दुसरं कोणी नव्हतं.

५

अकोल्याला आलोच आहोत तर कुलदीपला भेटू, असं तिनं येतानाच ठरवलं होतं. कुलदीप हा आशाबाईंचा मुलगा. त्याचा अकोल्यात फ्लॅट आहे. आई-वडिलांनी तिथे येऊन राहावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता, आणि त्याच्या सोसायटीत कुत्रे चालत नाहीत. हवालदारला सोडून महादेवराव येणार नव्हते. ज्या दिवशी हवालदार मेला त्या दिवशी कुलदीप अमरावतीला येऊन गेला होता. एवढं सगळं जुळत असताना मनातून प्रियदर्शनीला वाटत होतं की हाच असावा. असं वाटणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण दोषी आपण नसावं असं कोणाला वाटत नाही?

कुलदीपनं दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सोफ्यावर नवीन पट्टा आणि साखळी पडली होती, दुकानाच्या पिशवीसकट. सोसायटीच्या अध्यक्षांना त्यानं मागच्याच महिन्यात हातापाया पडून तयार केलं होतं. हवालदारलाही आणायचं ठरलं होतं, बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. हे ऐकून प्रियदर्शनीनं मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली.

मग तिनं विचारलं की तू निघालास तेव्हा हवालदार कसा होता?

"चांगला होता की. आई त्याला मागच्या मोरीपाशी न्हाऊ घालत होती, तो अंग झटकून तिला भिजवत होता. बाबाच उगाच ओरडत होते. खाटेवरून मागच्या दारातलं सगळं दिसतं ना त्यांना. एकसारखं हवालदार, हवालदार. आई हसत होती, न्हाऊ द्या की त्याले, मंग येते तुमच्यापाशी म्हणाली. मी तसाच निघालो."

प्रियदर्शनीनं वेळ जुळवून पाहिली. ओमप्रकाशनं खिडकी लावून घेतली ती याच वेळी. हवालदार तेव्हा मेला नव्हता, अंग झटकत होता. मग काका कशासाठी ओरडत होते?

"तू त्या दिवशी घरी कशासाठी गेला होतास?" तिनं विचारलं.

"विशेष काही नाही. शेतातल्या खोलीचं छप्पर गळायला लागलंय. बटईवाला म्हणाला सामान भिजतंय, म्हणून तिथलं औषध घरी आणून मागच्या फळीवर ठेवलं."

"औषध?"

"कपाशीवरचं. फवारणीचं."

त्यानं पुढे केलेला चहा तिला घेता आला नाही. दुकानातून फोनवर आपण काय बोललो ते तिला आता शब्दन् शब्द आठवलं. ‘काकू, औषध आहे ना घरी?’ तिनं विचारलं होतं. ‘हाय वो,’ काकू म्हणाल्या होत्या. ‘मग झाकणभर पाण्यात टाका, चांगलं चोळून आंघोळ घाला अन् पुसू नका, अंगावरच वाळू द्या.’ तिच्या दुकानात औषध म्हणजे कुत्र्याचं चित्र असलेली छोटी बाटली. मागच्या वर्षी तिनं तशी एक काकूंना दिली होती, ती अजून असेल असं धरून ती बोलली. आणि चाळीस वर्षं कपाशी पिकवलेल्या घरात औषध म्हणजे एकच, ते फळीवर नुकतंच येऊन बसलं होतं. मैनाच्या तोंडचा तोच शब्द साऱ्या कॉलनीला बरोबर समजला होता. नांदगाव खंडेश्वरच्याच मातीत वाढलेल्या प्रियदर्शनीला स्वतःच्या तोंडचा ऐकू आला नाही. शहरात दुकान थाटून बसल्यावर तिच्यापुरता त्याचा अर्थ बदलला होता, आणि तो सगळ्यांसाठीच बदलला असं ती समजून चालली होती.

गोचिड्या, कानातलं विष, आशाबाईंच्या उलट्या, त्यांचे थरथरणारे हात, सगळं एका ओळीत आलं. त्यांनी त्याच हातांनी त्याला चोळलं होतं.

आणि महादेवराव. जन्मभर पाठीवर पंप बांधून फवारणी केलेला माणूस. बायकोच्या हातातली बाटली त्यांनी खाटेवरून पाहिली होती, ती कशाची आहे ते लांबूनच ओळखलं होतं. ते कुत्र्याला हाका मारत नव्हते, बायकोला थांबवत होते. त्यांच्याजवळ शब्द एकच होता, तो त्यांनी जिवाच्या आकांतानं पुन्हा पुन्हा वापरला.

६

परतीच्या बसमध्ये तिनं दुसरी एक वाट मनात घोळवून पाहिली. दुकानातली बाटली खराब निघाली, असं ग्रुपवर लिहायचं. मैना सुटेल, दुकानाची अब्रू जाईल, पण आशाबाईंना आपल्या हातून काय झालं ते कधी कळणार नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत तिचं तसं ठरतही आलं होतं. पण ती बाटली अजून फळीवर होती. आणि आशाबाईंच्या हातांचं काय, त्यांना डॉक्टरकडे नेऊन काय सांगायचं? खोटं बोलून कोणाचं भलं करायचं हे तिला कधीच धड जमलेलं नव्हतं.

आशाबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. प्रियदर्शनीनं औषध कुठलं घातलं म्हणून विचारलं तेव्हा त्या लगबगीनं उठल्या आणि स्वतःच बाटली घेऊन आल्या. बाटलीवर विषाची लाल खूण होती.

"हे पाय, यातलंच. तू म्हतलं तसं झाकनभर, जास्त नाई. वास मारत होतं, पन औषधाले वास असतेच."

प्रियदर्शनीनं बाटली त्यांच्या हातून काढून घेतली, खाली ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"काकू, हे कपाशीचं आहे."

आशाबाईंनी खाली ठेवलेल्या बाटलीकडे पाहिलं. त्यांना समजायला वेळ लागला, आणि तो वेळ प्रियदर्शनीनं मध्ये बोलून कमी केला नाही.

"मंग मैनानं नाई घातलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"म्या घातलं."

"मी सांगितलं काकू. कोणतं ते मी विचारलंच नाही. तुम्ही फक्त माझं ऐकलं."

"ऊन चांगलं होतं म्हनून तिथंच बसवला त्याले वाळाले. मले मळमळाले लागलं, मी आत येऊन पडली. एकटाच गेला वो थो."

महादेवरावांबद्दल प्रियदर्शनी काही सांगणार नव्हती. निदान आज तरी नाही. पण आशाबाई त्या माणसासोबत चाळीस वर्षं राहिलेल्या. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. त्या भिंत धरत आत गेल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"तुमी मले थांबवून राहिले होते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मले वाटलं कुत्र्याले जवळ बलावता. मी हासली तुमाले."

महादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डावा हात उचलून त्यांनी तिच्या पदराचं टोक शोधलं आणि मुठीत धरलं. ओठ हलले. प्रियदर्शनी दारात उभी राहून वाट पाहत होती, पण त्या दिवसापासून तो शब्दही त्यांच्यापाशी उरला नव्हता.

७

आशाबाईंना डॉक्टरांना दाखवून आणलं. विषाचा अंश गेल्यासारखा आहे, आता धोका नाही, असं ते म्हणाले. मग प्रियदर्शनीनं ग्रुपवर लिहायला घेतलं. औषध कोणतं ते न विचारता मी उपाय सांगितला, हवालदार माझ्या चुकीनं गेला, मैनाचा यात काडीचाही संबंध नाही. लिहून झाल्यावर तिनं ते वाचून दाखवलं.

"माहं बी नाव टाक," आशाबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनी नको म्हणाली. आशाबाईंनी ऐकलं नाही. घातलं म्या, मंग लिहाले काय झालं, म्हणाल्या. नाव टाकून निरोप गेला. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी चपला घातल्या, प्रियदर्शनीचा दंड धरला आणि गल्लीला वळसा घालून मैनाच्या दारी गेल्या. इतकी वर्षं मैना त्यांच्या घरात वावरली, पण त्या तिच्या दारी पहिल्यांदाच येत होत्या.

मैना अंगणात भांडी घासत होती. त्यांना पाहून ती उठली, हात पदराला पुसले. आशाबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, काही न वगळता. कपाशीचं औषध, झाकण, आंघोळ, महादेवरावांचं ओरडणं. सांगून झाल्यावर त्या हात जोडायला लागल्या तेव्हा मैनानं ते हात खाली केले आणि त्यांना बाजेवर बसवलं. मग तीही शेजारी बसली. माह्या जिभेनं नाई गेला म्हनजे, असं ती हळूच म्हणाली, आणि दोघी थोडा वेळ त्या कुत्र्यासाठी रडल्या.

प्रियदर्शनीच्या पर्समध्ये फोन थरथरू लागला आणि थांबेना. तिनं उघडून पाहिलं. ग्रुपवर माफीची झड लागली होती. हात जोडलेल्या चित्रांच्या ओळी. ‘सॉरी मैनाताई.’ ‘गैरसमज झाला, मोठ्या मनानं माफ करा.’ ओमप्रकाशनं तर लांबलचक परिच्छेद लिहिला होता, माणुसकीवर. ज्यानं ‘आपल्या माणसांची काळजी’ म्हटलं होतं त्यानं फूल पाठवलं होतं. ज्या घरांनी काम काढून घेतलं होतं त्यांनी मैनानं उद्यापासून परत यावं असंही लिहिलं होतं. प्रियदर्शनीला बरं वाटलं. तिनं फोन मैनाच्या पुढे धरला आणि एकेक वाचून दाखवलं.

मैनानं सगळं ऐकून घेतलं.

"हे कोनाले लिहून राहिले?" तिनं विचारलं.

"तुलाच की."

"मी हाओ का त्या ग्रुपात?"

प्रियदर्शनीनं नाही म्हटलं. मैना आत गेली, आशाबाईंसाठी पेल्यात पाणी घेऊन आली, आणि राहिलेली भांडी घासायला बसली. उद्या काकायले उठवाले येतो, तेवढं ती आशाबाईंना म्हणाली. बाकीच्या घरांचं ती काही बोलली नाही.

प्रियदर्शनी आणि आशाबाई अंधार पडेपर्यंत मैनाच्या अंगणात बसल्या होत्या. फोन मधून मधून वाजत राहिला. कॉलनीतून तिथपर्यंत यायला दोन मिनिटं लागतात. कोणी आलं नाही.